धरण भरलं, तरी नळाला दोनच तास पाणी का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: धरण शंभर टक्के भरलं, दरवाजे उघडून पाणी नदीत सोडलं, तरी तुमच्या नळाला पहाटे दोनच तास पाणी येतं, तेही पहिली दहा मिनिटं गढूळ. मग एवढं पाणी जातं कुठे, चोवीस तास का देत नाहीत, आणि हे पाणी प्यायला आरओ लागेलच का?

प्रश्न तीन दिसतात, पण तिन्हींचं मूळ एकाच ठिकाणी आहे आणि ते धरणात नाही. मी नोकरीची पहिली निम्मी वर्षं जलशुद्धीकरण केंद्रावर काढली आणि उरलेली वितरणात, म्हणजे रस्त्याखालच्या पाइपांमध्ये. केंद्रावर असताना वाटायचं, आपण इतकं स्वच्छ पाणी करून देतो, मग लोक ओरडतात कशाला? वितरणात आल्यावर पहिल्याच महिन्यात तो तोरा उतरला. पाणी शुद्ध करणं तुलनेनं सोपं आहे. ते शुद्धच्या शुद्ध शेवटच्या घरापर्यंत नेणं अवघड, आणि ते सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे: पाइपात चोवीस तास दाब आहे की नाही.

आधी एक कबूल करतो. तुमचं शहर नदीतून पाणी घेतं, धरणातून घेतं की विहिरींतून, ते उतारानं येतं की पंपानं चढवावं लागतं, तुमचं घर टाकीजवळ आहे की लाइनच्या शेपटाला, पाइप किती जुने आहेत, यातलं काहीच मला माहीत नाही. त्यामुळे तुमच्याच गल्लीत नेमकं काय बिघडलंय ते इथे बसून सांगता येणार नाही. पण दोन तासांचा पुरवठा आणि सुरुवातीचं गढूळ पाणी ही जोडी जगभरातल्या अनेक शहरांत सापडते, आणि तिची कारणं बहुतेक ठिकाणी तीच असतात.

धरणापासून सुरू करू. धरण म्हणजे वर्षाची बेगमी. कणगी भरली म्हणून कुणी रोजचं दळण दुप्पट करत नाही. भरलेलं धरण एवढंच सांगतं की पुढचा पाऊस येईपर्यंत ओढाताण होणार नाही. त्यातलंही सगळं पाणी आपलं नसतं. तळाचा मृत साठा दरवाज्याच्या खाली राहतो, उन्हाळ्यात बाष्पीभवन मोठा वाटा नेतं, सिंचनाचा आणि नदीत सोडायचा हिस्सा ठरलेला असतो. आणि शहराला रोज किती मिळणार ते साठ्यावर नव्हे, तर मधल्या जलवाहिनीच्या, पंपांच्या आणि शुद्धीकरण केंद्राच्या क्षमतेवर ठरतं. घागर कितीही मोठी असो, धार तिच्या तोंडाएवढीच पडते. म्हणून धरण ओसंडून वाहत असताना शहरात टंचाई असणं विचित्र वाटलं, तरी त्यात विसंगती काही नाही.

उलट, बाहेरच्या माणसाला सहसा ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगतो. धरण भरण्याचे दिवस केंद्राला सगळ्यात जड जातात. पहिल्या मोठ्या पावसात डोंगरउतारावरची माती पाण्यात उतरते. उन्हाळ्यात अशुद्ध पाण्याचा गढूळपणा, ज्याला आम्ही एनटीयू या एककात मोजतो, आठ-दहावर असतो. पुराच्या रात्री तो काही तासांत पाचशेच्या वर गेलेला मी पाहिलाय. तेव्हा तुरटी जास्त लागते, गाळण्या लवकर तुंबतात, त्या पुन:पुन्हा धुवाव्या लागतात, आणि केंद्रातून बाहेर पडणारं पाणी कमी होतं. म्हणजे ज्या आठवड्यात धरणाचे फोटो वर्तमानपत्रात येतात, त्याच आठवड्यात नळाचं पाणी कमी झालेलं असतं. फोन मात्र आम्हालाच येतात.

धरणातलं पाणी कुठल्या पातळीवरून उचलायचं, याचीही एक कला आहे. खोल धरणात उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं गार राहतं, आणि दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपतो, मातीतलं लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळायला लागतं. अगदी वरच्या थरात शेवाळ असतं. म्हणून उचल मनोऱ्याला वेगवेगळ्या उंचीवर दरवाजे ठेवतात आणि ऋतूप्रमाणे त्यातला एखादा उघडतात. चुकीचा दरवाजा उघडा राहिला तर पुढे केंद्रावर कितीही कष्ट घ्या, पाण्याला मातकट वास राहतोच.

आता केंद्र. पाण्यातली बारीक माती नुसती ठेवून दिली तर दिवसेंदिवस खाली बसत नाही, कारण कणांवर सारखाच ऋण विद्युतभार असतो आणि ते एकमेकांना दूर लोटतात. तुरटी किंवा हल्ली वापरतात ते पॉली अॅल्युमिनियम क्लोराइड तो भार मारतं. मग कण एकमेकांना चिकटून गोळे धरतात आणि जड होऊन बसतात. तुरटी किती टाकायची ते पुस्तकातून काढता येत नाही, कारण पाणी रोज बदलतं. त्यासाठी जार टेस्ट करतात. काचेच्या सहा भांड्यांत एकेक लिटर अशुद्ध पाणी घ्यायचं, प्रत्येकात तुरटीची मात्रा थोडी थोडी वाढवत जायची, मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. हळू ढवळताना बघत राहिलं तर एका भांड्यात पाणी अचानक फुटलेल्या दुधासारखं दिसायला लागतं आणि गोळ्यांच्या मधलं पाणी नितळ होतं. त्याच्या अलीकडच्या भांड्यात तुरटी कमी पडलेली असते. पलीकडच्या भांड्यात ती जास्त झालेली असते, कणांचा भार उलटा होतो आणि पाणी पुन्हा गढूळच राहतं. आमचे जुने केमिस्ट यंत्राकडे नंतर बघायचे, आधी भांडी खिडकीच्या उजेडात धरायचे. पुराच्या रात्री ते दर तासाला टेस्ट लावत. कारण संध्याकाळची मात्रा मध्यरात्री चालेलच असं नसतं. तुरटी पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल मारण्याची ताकद, खाते, ती कमी पडली तर गोळे धरत नाहीत, मग चुना घालावा लागतो. हे सगळं चार भिंतींआड चालतं आणि नीट जमलं तर कुणालाच कळत नाही.

गोळे मोठ्या गोल टाकीत दोन-अडीच तास खाली बसतात. वरचं पाणी वाळूच्या गाळणीवर येतं. वाळूचा थर साधारण साठ ते पंचाहत्तर सेंटिमीटर, खाली खडी. लोकांना वाटतं वाळू म्हणजे चाळणी. तसं नाही, वाळूच्या फटींपेक्षा पाण्यातले कण कितीतरी बारीक असतात. ते वाळूच्या दाण्यांना चिकटून राहतात, म्हणून अडकतात. चिकटायला जागा संपली की गाळणी उलटी धुवायची: आधी खालून हवा, मग खालून पाणी. धुताना गाळणीजवळ उभं राहा. आधी सगळा थर खदखदतो, मग चहासारखं पाणी कडेच्या गटारांत ओसंडतं आणि दहा-पंधरा मिनिटांत ते नितळ होत जातं. केंद्रात आलेल्या पाण्यातला दोन-तीन टक्के भाग या धुण्यातच जातो.

गाळण्याचं महत्त्व किती, याचं मला पटलेलं सगळ्यात मोठं उदाहरण १८९२ सालचं आहे. हॅम्बुर्ग आणि अल्टोना ही तेव्हा शेजारी शेजारी असलेली दोन वेगळी शहरं. दोघंही एल्ब नदीचं पाणी पीत. अल्टोना तर हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, म्हणजे हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी उचलत असे, पण वाळूतून गाळून देत असे. हॅम्बुर्ग गाळत नव्हतं. त्या वर्षी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली आणि हॅम्बुर्गमध्ये साडेआठ हजारांवर माणसं दगावली. अल्टोना जवळजवळ वाचलं. दोन्ही शहरांच्या हद्दीवरच्या रस्त्यांवर एका बाजूला रुग्ण आणि दुसऱ्या बाजूला नाहीत, असं चित्र होतं. घाण पाणी घेणारं शहर गाळणीमुळे वाचलं आणि तुलनेनं बरं पाणी घेणारं मेलं.

गाळून उरलेल्या जंतूंसाठी क्लोरीन. १९०८ साली अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पुरवठ्यात ते रोज घालायला सुरुवात झाली आणि पुढच्या काही वर्षांत इतर शहरांनी ते उचललं. क्लोरीनला काम करायला अर्धा तास तरी हवा, आणि पाणी स्वच्छ हवं, कारण गढूळ कणांच्या आड जंतू लपतात. म्हणून आधी गाळणं, मग क्लोरीन, हा क्रम. मुद्दाम थोडं जास्त घालतात, म्हणजे केंद्रात जंतू मारूनही थोडं उरतं आणि ते पाण्याबरोबर पाइपातून प्रवास करतं. नळाशी लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असा नियम आहे. हा पाण्याबरोबर पाठवलेला पहारेकरी. पाण्याला क्लोरीनचा वास येतो अशी तक्रार आली की मला बरं वाटायचं. पूर्वी वास यायचा, आता येत नाही, असं कुणी म्हणालं तर मात्र मी लगेच माणूस पाठवायचो.

पंपांबद्दल थोडंसंच. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. दहा कोटी लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायचं तर पंपांची कार्यक्षमता सत्तर टक्के धरून रोज सुमारे ३९ हजार युनिट वीज लागते. ज्या शहरांना पाणी उतारानं मिळतं त्यांचं हे सगळं वाचतं. न्यूयॉर्कचं बहुतेक पाणी उतारानंच येतं. त्यातला डेलावेअर जलबोगदा १३७ किलोमीटर लांब आहे. पंपावरच्या शहरांत मात्र वीज दहा मिनिटं गेली तरी पुरवठा काही तास विस्कटतो. पंप अचानक थांबले की चढावरचं पाणी माघारी येतं, पाइपात हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो. मग सगळे व्हॉल्व्ह तपासून पंप एकेक करून हळूहळू चालू करावे लागतात, लाइनमधली हवा काढावी लागते. "दहाच मिनिटं वीज गेली होती, मग पाणी दिवसभर का नाही?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

आता पाण्याच्या टाक्या आणि पाइप, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं खरं घर. उंच टाकी साठ्यापेक्षा दाबासाठी असते. टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या नळापेक्षा दहा मीटर वर असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा दाब मिळतो. पाइपातून वाहताना घर्षणानं त्यातला काही खर्च होतो, आणि पाणी जितक्या वेगानं वाहील त्याच्या जवळजवळ वर्गाच्या प्रमाणात तो खर्च वाढतो. हे वाक्य लक्षात ठेवा, सगळी गंमत त्यातच आहे.

चोवीस तास पुरवठा असलेल्या शहरात लोक पाणी लागेल तसं घेतात. सकाळच्या गर्दीतही प्रवाह सरासरीच्या अडीच-तीन पट होतो, फार तर. पण तेच दिवसाचं पाणी दोन तासांत द्यायचं ठरवलं तर सगळे नळ एकदम उघडे असतात आणि प्रवाह सरासरीच्या बारा पट होतो. म्हणजे गर्दीच्या वेळेच्या चार-पाच पट. त्याच पाइपातून चार-पाच पट पाणी ढकलायचं म्हणजे घर्षणात जाणारा दाब वीसेक पट. पाइप तेवढ्यासाठी बनवलेलाच नसतो. मग टाकीजवळच्या घरांना धो धो पाणी आणि शेपटाला करंगळीएवढी धार. शेपटाची माणसं थेट लाइनला मोटार लावतात. त्यामुळे त्यांच्या पुढच्याला तेवढंही मिळत नाही, मग तोही मोटार लावतो. व्हॉल्व्हमनला शिव्या मिळतात, आणि त्याच्या हातात तर एक लोखंडी चावी आणि वेळापत्रक यापलीकडे काही नसतं.

पाणी कमी म्हणून दोन तास देतात, असं सगळे धरून चालतात. अर्धं खरं आहे. दोन तास दिल्यामुळे पाणी वाचतं का? मोजून बघितलं तर फारसं वाचत नाही. उद्या येईल की नाही याची खात्री नसल्यामुळे माणूस दिसेल ते भांडं भरतो, आणि दुसऱ्या दिवशी ताजं आलं की कालचं शिळं म्हणून ओतून देतो. तोट्या उघड्याच ठेवल्या जातात, पाणी आल्याचं आवाजानं कळावं म्हणून. गच्चीवरच्या टाक्या ओसंडतात. तळाच्या टाकीचा बॉल व्हॉल्व्ह बिघडला तर कुणाला कळत नाही, कारण पाणी पहाटे येतं आणि सगळे झोपलेले असतात.

आणि पहिल्या दहा मिनिटांचं ते गढूळ पाणी. बावीस तास लाइन बंद असते. तेवढ्यात उंचावरचे भाग रिकामे होतात, पाइपात हवा शिरते. दाब असतो तेव्हा प्रत्येक गळतीतून पाणी बाहेर पडतं. दाब गेला की त्याच भोकातून बाहेरचं ओलं आत ओढलं जातं. पाइपाच्या शेजारी स्वच्छ माती असेल तर चिखल येतो. गटार असेल तर काय येतं ते सांगायला नको. मग पुन्हा पाणी सोडलं की ते रिकाम्या पाइपातून हवा ढकलत धावतं, भिंतींवरचा गंज आणि चिकट थर खरवडतं, आणि हे सगळं मिळून तुमच्या बादलीत येतं. तीनशे मिलिमीटर व्यासाचा एक किलोमीटर पाइप नुसता भरायला सत्तर हजार लिटर पाणी लागतं. त्यातलं सगळ्यात पुढचं पाणी म्हणजे पाइप धुतलेलं पाणी.

एका शहरात, जिथे मी तेव्हा कामाला होतो, एका गल्लीत जुलाबाचे रुग्ण अचानक वाढले. केंद्रातलं पाणी ठीक, टाकीतलं ठीक, गल्लीच्या तोंडाशी क्लोरीन ठीक. गल्लीच्या मध्यापासून पुढे क्लोरीन शून्य. आम्ही पुरवठ्याची वेळ सोडून दुपारी खणलं. मुख्य लाइन धडधाकट होती. पण एका घराचं जुनं लोखंडी कनेक्शन उघड्या नाल्यातून आडवं गेलं होतं आणि गंजून त्याला शेंगदाण्याएवढं भोक पडलं होतं. पाणी चालू असताना त्यातून कारंजं उडायचं. शेजारची मुलं त्यात खेळायची, आणि गळती म्हणून ती कुणी कळवली नव्हती. पाणी बंद झालं की तेच भोक नाल्यातलं पाणी आत घ्यायचं. दुसऱ्या पहाटे सगळ्यात आधी उठून भरणाऱ्या घरांना ते जायचं. आजारी पडलेली बहुतेक घरं तीच होती, सगळ्यात आधी उठणारी. ते कनेक्शन नाल्याच्या वरून फिरवून दिल्यावर आठवड्यात थांबलं. केंद्रावर कोट्यवधी खर्चून केलेलं काम एक हातभर पाइप मातीत घालवतो, ते मी तिथे पाहिलं.

मग चोवीस तास का देत नाहीत? कारण उद्या सकाळी नुसते सगळे व्हॉल्व्ह उघडले तर टाक्या दुपारपर्यंत कोरड्या होतील. जी गळती आज दोन तास वाहते ती चोवीस तास वाहायला लागेल. तीन मिलिमीटरच्या एका भोकातून वीस मीटर दाबाला दिवसाला साडेसात-आठ हजार लिटर पाणी जातं. अशी भोकं शहरात हजारोंनी असतात आणि बहुतेक जमिनीवर दिसतच नाहीत, पाणी मुरून जातं. म्हणून आधी गळती काढावी लागते. गळती काढायची तर ती कुठे आहे ते कळायला हवं, आणि ते कळायला लाइनला दाब हवा. बंद लाइन गळतीचा आवाज करत नाही. हा गुंता शहरभर एकदम सुटत नाही, तुकड्यातुकड्यानं सोडवावा लागतो.

पद्धत अशी. शहराचा हजार-दोन हजार जोडण्यांचा एक भाग वेगळा काढायचा. बाकीच्या लाइनशी त्याचं नातं तोडून आत येणाऱ्या एकाच पाइपावर मीटर बसवायचा. मग रात्री दोन ते चारच्या दरम्यान मीटर बघायचा. त्या वेळी माणसं झोपलेली असतात. तरी मीटर जोरात फिरत असेल तर ते पाणी कुणी पीत नाहीये. त्यानंतर आमचं जागरण सुरू. गल्लीतला एकेक व्हॉल्व्ह बंद करत जायचं आणि कुठला बंद केल्यावर मीटर मंदावतो ते टिपायचं. मग त्या टापूत लांब लोखंडी सळई पाइपावर किंवा व्हॉल्व्हवर टेकवून तिचं दुसरं टोक कानाला लावायचं. गळतीचा आवाज सूंऽऽ असा सलग येतो. नळ चालू असेल तर तो मध्येच थांबतो. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं आहेत आणि ती चांगली आहेत, पण कुत्री भुंकत असतील तर यंत्रापेक्षा अनुभवी कान बरा. एका रात्री आम्ही जिथे खणायला सांगितलं तिथे कोरडी माती निघाली, कंत्राटदार हसला. सहा फूट पुढे पाण्याचा झराच होता, पाणी सरळ पावसाळी गटारात जात होतं. पाइप धातूचा असला की आवाज लांबवर जातो, त्यात फसगत होते.

एक भाग दुरुस्त झाला, तिथे चोवीस तास दाब ठेवला, मीटर लावले, की मग पुढचा भाग. हे होतं का? कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेनमध्ये, झालं. १९९३ साली तिथे केंद्रातून निघालेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेबच लागत नव्हता. एक सोन चान (‘एक’ हा त्यांच्या नावाचाच भाग) यांनी तिथली पाणीपुरवठा संस्था हाती घेतली. पाइप बदलले, मीटर बसवले, चोरीच्या जोडण्या तोडल्या, बड्या मंडळींकडूनही बिल वसूल केलं. साधारण दीड दशकात ती गळती सहा टक्क्यांच्या आसपास आली आणि पुरवठा चोवीस तास झाला. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारतात ओडिशातल्या पुरी शहरानं २०२१ मध्ये चोवीस तास थेट नळाचं पाणी पिण्याजोगं देण्याची घोषणा केली. दोन्हीकडे नवीन धरणाला नव्हे, आहे तेच पाणी नीट पोचवण्याला पहिला मान मिळाला. माझं मत विचाराल तर पुढची पन्नास वर्षं मोठ्या शहरांना नवीन स्रोत लागतीलच, पण ज्या शहराच्या पाइपातलं तिसरा हिस्सा पाणी जमिनीत जातं त्यानं आधी सळई कानाला लावावी. धरणाचं उद्घाटन होतं, बुजवलेल्या भोकाचं होत नाही, ही त्यातली अडचण.

आरओचं. पाण्यात क्षार जास्त असतील तरच आरओ. धरणाच्या किंवा नदीच्या पाण्यात ते सहसा कमी असतात, बोअरच्या पाण्यात जास्त. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा साधा टीडीएस मीटर मिळतो. लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत आकडा असेल तर क्षारांसाठी आरओची गरज नाही. तो जेवढं पाणी देतो तेवढं किंवा त्याहून जास्त बाहेर फेकतो. तुमची अडचण क्षारांची वाटतच नाही, ती जंतूंची आणि गाळाची आहे. त्याला उकळणं, किंवा चांगली गाळणी आणि अल्ट्राव्हायोलेट दिवा पुरतो. फक्त दिव्याआधी पाणी नितळ हवं, कारण गढूळ पाण्यात प्रकाश पोचत नाही.

उद्या पहाटे पाणी आलं की एवढं करा. पहिल्या धारेचं पाणी पारदर्शक ग्लासात घेऊन टेबलावर ठेवा. ते दुधासारखं पांढरं असेल आणि तळाकडून वर वर नितळ होत गेलं तर त्यात फक्त हवा आहे, काळजी नको. तळाशी बारीक माती बसली तर गाळ. तांबूस असेल तर गंज, बहुधा तुमच्याच इमारतीतला जुना लोखंडी पाइप. काळपट असेल किंवा कुजका वास येत असेल तर ते पाणी अजिबात पिऊ नका, त्याच दिवशी पाणी विभागाला कळवा, आणि शेजारच्या दोन घरांतही तसंच आहे का ते विचारून ठेवा. तक्रारीत पाणी येण्याची वेळ, गढूळपणा किती मिनिटं टिकतो आणि किती घरांत आहे, एवढं लिहा. "पाणी खराब येतं" या तक्रारीवर माणूस कुठे खणणार?

दुसरं, नमुना दोन ठिकाणी घ्या: एक रस्त्यावरून येणाऱ्या पाइपाच्या पहिल्या तोटीला, दुसरा गच्चीच्या टाकीतून येणाऱ्या तोटीला. दहा मिनिटांनंतर घ्या, आणि दोन्हीत क्लोरीन बघा. औषधाची गोळी किंवा थेंब टाकून रंग बघायचा छोटा संच मिळतो. पहिल्यात क्लोरीन आहे आणि दुसऱ्यात नाही, तर बिघाड तुमच्या टाक्यांत आहे, महापालिकेला दोष देऊन उपयोग नाही. शेवटची टाकी कधी धुतली ते कुणाला आठवत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं. दोन्हींत नसेल तर मात्र लाइनमध्येच काहीतरी आहे, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.

थेट लाइनला मोटार लावली असेल तर ती काढा. तुमच्या लाइनमधला दाब शून्याच्या खाली नेऊन आजूबाजूचा चिखल तीच सगळ्यात आधी ओढते. रस्त्याच्या पातळीला छोटी टाकी करा, पाणी तिच्यात आपोआप पडू द्या आणि मोटारीनं त्या टाकीतलं पाणी वर चढवा. पहिली दहा मिनिटं पाणी त्या टाकीत न घेता बाहेर सोडायची सोय ठेवा. ते झाडांना घाला किंवा फरशी धुवा.

हे करून बघितल्यावर दोन्ही नमुन्यांचे क्लोरीनचे आकडे आणि ग्लासात काय दिसलं ते लिहा, मग पुढे काय तपासायचं ते सांगतो.